सरांची पांढरी सहा

“थांबा बे!” म्हणत सर हातातला चहाचा कप तसाच धरून दुसऱ्या हाताचं बोट वर करायचे. आम्ही तिघंही थांबायचो. रस्त्यावरून आर्वीची एसटी हॉर्न वाजवत गेलेली असायची. “काळी दोन,” सर जाहीर करायचे. “काल पांढरी तीनवर होती. डायवर बदलला दिसते.” आणि मग चहाचा पुढचा घोट. ड्रायव्हर बदलला म्हणून हॉर्नचा सूर कसा बदलतो, हे विचारायची हिंमत आमच्यापैकी कोणीही कधी केली नाही.

काळी दोन, पांढरी तीन ही हार्मोनियमच्या पट्ट्यांची नावं. सरांच्या मते जगातल्या प्रत्येक आवाजाला अशी एक पट्टी नेमून दिलेली होती. कुकरची शिट्टी, शेजारणीचा मिक्सर, देवळातली घंटा, कोणीही सुटलं नव्हतं. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या त्यांच्या गल्लीत एक भंगारवाला यायचा. त्याची आरोळी पांढरी चारवर सुरू होऊन पाचवर संपायची. एकदा सर्दीमुळे तो पाचपर्यंत पोचलाच नाही, तर सरांनी त्याला आत बोलावून आल्याचा चहा पाजला. “आवाज हाय तं धंदा हाय,” असं त्याला समजावलंही. भंगारवाल्याला वाटलं, सर काहीतरी विकायला काढणार आहेत. तो बराच वेळ घरातल्या जुन्या कूलरकडे बघत बसला होता.

“आधी आयका, मंग वाजवा,” हे सरांचं पालुपद. क्लासमध्ये आलेल्या नव्या मुलाला ते पहिला आठवडाभर व्हायोलिनला हात लावू देत नसत. पोरगं नुसतं बसून ऐकायचं. आईबापांची तक्रार आली की सर म्हणायचे, “पोट्टं बोलाले लागण्याच्या आंधी दीड वर्ष आयकतच होतं न? तवा काऊन नाई आले तक्रार घेऊन?”

सरांचं नाव मी सांगत नाही, कारण अर्ध्या वर्ध्याला ते माहीत नाही आणि उरलेल्या अर्ध्याला सांगायची गरज नाही. वडील आर्वीला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. सर नागपूरला एका म्हाताऱ्या ख्रिस्ती गुरुजींकडे व्हायोलिन शिकले आणि पुढची पस्तीस वर्षं त्याच्यावरच जगले. जयंतीचे कार्यक्रम, गणपती, दुर्गा, लग्नाचे स्वागतसमारंभ, जिथे ऑर्केस्ट्रा तिथे सर. तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. गायिका पुढे, तिच्या मागे ढोलक, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, आणि अगदी उजव्या टोकाला, माणसाएवढ्या स्पीकरला खेटून, पांढऱ्या शर्टातला एक उंच माणूस डोळे मिटून उभा. ते सर. सकाळ-संध्याकाळ पुढच्या खोलीत क्लास. प्रफुल, सुजाता आणि मी, आम्ही तिघंही त्या खोलीतूनच निघालो आणि त्यांच्यासारखेच ऑर्केस्ट्रात वाजवून आणि मुलांना शिकवून पोट भरू लागलो.

आणि मग सरांच्या डोक्यात चौकडीचं खूळ शिरलं. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. गायक नाही, ढोलक नाही, कीबोर्ड नाही. पहिलं व्हायोलिन सरांचं, दुसरं प्रफुलचं. चेलो, म्हणजे दोन गुडघ्यांत धरून वाजवायचं ते मोठं, खर्जातलं वाद्य, सुजाताला दिलं. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, माझ्या गळ्यात पडला. “मलेच काऊन, सर?” मी विचारलं. “तुले पुढं याची हौस नाई, अन् मांगं राहून कुरकुर करत नाई,” सर म्हणाले. ही स्तुती होती की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आम्ही स्वतःला चौकडी म्हणायचो. त्याच्याआधी चांडाळ हा शब्द वर्धेकरांनी आपणहून जोडून दिला.

एका स्वागतसमारंभात आम्ही चांगली वीस मिनिटं वाजवलं. मन लावून वाजवलं. तेवढ्यात नवरीचे मामा मंचाजवळ आले आणि म्हणाले, “मास्तर, टेस्टिंग झालं असन तं आता सुरू करा न.” सर म्हणाले, “सुरूच हाय.” मामांनी इकडे तिकडे पाहिलं. “अन् गाणारी बाई?” सरांनी हातातल्या गजानं, म्हणजे व्हायोलिनच्या काठीनं, सुजाताच्या चेलोकडे खूण केली. “हे काय बसली. हिले सांगा कोणतं गाणं पायजे ते.” मामांनी खरंच वाकून चेलोला फर्माईश सांगितली. आम्ही ती वाजवलीही. मामा खूश झाले आणि सरांना दोन गुलाबजाम जास्त मिळाले.

चौकडीच्या रियाजाचे नियम कडक होते. दाराशी एक वेताची टोपली ठेवलेली असे. आत येणाऱ्यानं आपला मोबाइल तिच्यात टाकायचा. सूर मोजणारं ॲप सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होतं आणि सरांचा राग त्याच्यावरच होता. “मशीन सूर सांगते, पण मशीन तुले आयकत नाई,” ते म्हणायचे. मग ते आपली ‘पांढरी सहा’ची तार छेडायचे आणि आम्ही तिघं आपापल्या खुंट्या पिळून त्या तारेला येऊन मिळायचो. सरांची पांढरी सहा हीच आमची पांढरी सहा. वाजवतानाही तोच कायदा. “चौघं मिळून चुकले तं चालते. एकटा बरोबर असला तं नाई चालत,” असं सर म्हणायचे. कोणी किंचित सरकला तर बाकीच्यांनी क्षणात त्याच्याकडे सरकायचं, भांडत बसायचं नाही. हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते वहीत लिहून घेतलं होतं. पुढे ह्याच वाक्यानं आमचा घात केला.

पहिल्यांदा ते झालं एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात. वरच्या सुरांचा एक तुकडा सरांकडे होता. तिथे ते केसभर चढले. व्हायोलावाला मधल्या खोलीत राहतो, दोन्हीकडचं त्यालाच आधी ऐकू येतं. मी प्रफुलकडे पाहिलं, प्रफुलनं सुजाताकडे. आणि कोणी कोणाला खूण न करता आम्ही तिघंही केसभर वर गेलो. सूर पुन्हा एकजीव झाला. श्रोत्यांना पत्ता नाही. कार्यक्रम संपल्यावर सरांनी घाम पुसत म्हटलं, “आज चौघं एक होतो, लेकहो.” आम्ही माना डोलावल्या. मला वाटलं, थकले असतील.

पण ते दर वेळी होऊ लागलं. आधी वरच्या सुरांत, मग मधल्याही. सर चढायचे आणि आम्ही मागोमाग. सुजाताचे हाल सगळ्यांत जास्त. बोटानं दाबलेला सूर सरकवता येतो, मोकळी तार कशी सरकवणार? म्हणून तिनं मोकळ्या तारा वाजवणंच सोडलं. जिथे तिथे बोटं ताणून दाबायची. घरी जाऊन हात गरम पाण्यात धरून बसायची. सर मात्र तिचं कौतुक करायचे, “माया पोरीनं मोकळ्या तारीचा आळस सोडला, पाहा.”

ऑर्केस्ट्रात गंमत आणखी वेगळी. तिथे कीबोर्ड असतो आणि कीबोर्डला कोणाबरोबर सरकता येत नाही. सर कीबोर्डवाल्यावर डाफरायचे, “तुहा कीबोर्ड उतरला बे! दाखवून आण.” तो बिचारा नवा होता. त्यानं खरंच कीबोर्ड पिशवीत घालून नागपूर गाठलं. दुरुस्तीवाल्यानं तो उघडून पाहिला, त्यातलं एक झुरळ काढून दिलं आणि बाकी काही बिघाड नाही म्हणाला. “झुरळ निघाल्यापासून जरा बरा झाला,” असं सर पुढच्या कार्यक्रमात म्हणाले. आम्ही हसलो. मग आम्हाला आमच्याच हसण्याची लाज वाटली.

तुम्ही विचाराल, सांगितलं का नाही? सुजाता तेच विचारायची. “सांगून टाकू न आपण. सर कान दाखवून घेतीन.” प्रफुल आणि मी तिला थांबवायचो. जयंतीचे कार्यक्रम होऊ दे. मग, पावसाळा जाऊ दे. मग, दिवाळीनंतर पाहू. आम्ही ह्याला आदर म्हणायचो. ती निव्वळ भीती होती. एसटीच्या हॉर्नची पट्टी सांगणाऱ्या माणसाला त्याचा कान गेला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? कान गेला तर त्या माणसाकडे उरणार काय? म्हणून आम्ही वाजवत राहिलो.

शेवटी सांगितलं ते बारा मुलांनी, आणि त्यांनाही माहीत नव्हतं आपण काय सांगतोय ते. क्लासची मुलं व्हायोलिनच्या परीक्षेला बसली होती. बाहेरगावचे परीक्षक, साथीला पियानो. लहान मुलांना बोट कुठे ठेवायचं ते कळावं म्हणून व्हायोलिनच्या पट्टीवर बारीक चिकटपट्ट्या लावलेल्या असतात. त्या प्रत्येक वाद्यावर सरांनी स्वतः, स्वतःच्या कानानं लावल्या होत्या. निकाल आला आणि बाराच्या बारा मुलं नापास. एका मुलीची आई शेऱ्याचा कागद घेऊन आली, तेव्हा आमचा रियाज चालू होता. सरांनी तो कागद मोठ्यानं वाचला. मुलं एकमेकांशी अगदी सुरात आहेत, असं परीक्षकांनी लिहिलं होतं. मात्र सगळी एकसारखी वर आहेत, ह्याचं आश्चर्य वाटतं, असंही लिहिलं होतं.

सर हसले. “पियानो उतरला असन त्याहिचा.” आम्ही आपापल्या खुंट्या चाचपू लागलो. सरांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं. मग ते उठले, दाराशी गेले आणि टोपलीतला प्रफुलचा मोबाइल उचलला. “ते मशीन लावून दे.” प्रफुलनं लावून दिलं. सरांनी पांढरी सहाची तार वाजवली. काटा उजवीकडे, चढल्या बाजूला, जाऊन थांबला. त्यांनी माझा मोबाइल मागितला. मग सुजाताचा. मग त्या मुलीच्या आईचाही, त्यात प्रफुलनं ॲप उतरवून दिलं. चारही काटे उजवीकडे.

“किती दिवसापासून?” सरांनी विचारलं.

“दोनेक महिने झाले असतीन,” प्रफुल म्हणाला.

“सहा,” मी म्हणालो. प्रफुलपेक्षा आपण जरा जास्त प्रामाणिक आहोत, असं मला त्या क्षणी वाटलं, हेही सांगून टाकतो.

“दीड वर्ष झालं, सर,” सुजाता म्हणाली.

सर खाली बसले. रागावतील असं वाटलं होतं, ते रागावले नाहीत. अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, “दीड वर्ष तुमी मले आयकून राह्यले होते, का सांभाळून राह्यले होते?”

मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, त्यातली बरीचशी सरांचीच. पण इतकं लागलेलं दुसरं कुठलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून सर घरोघर हिंडले. बाराही घरांत जाऊन त्यांनी मुलांच्या व्हायोलिनवरच्या चिकटपट्ट्या नखानं खरवडून काढल्या. “चूक माही हाय, पोट्ट्याची नाई,” असं प्रत्येक आईबापासमोर सांगितलं आणि मुलांना आमच्याकडे पाठवून दिलं. मला नव्या पट्ट्या लावायला सांगितल्या, त्याही मशीन बघून. मग दार लावून घेतलं. महिनाभर आम्ही जायचो, वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, दार उघडायच्या आणि मान हलवायच्या. व्हायोलिन कपाटावर ठेवलं होतं. बाहेर एसटी हॉर्न द्यायची आणि आतून काहीही ऐकू यायचं नाही. त्या महिन्यात मला सरांचा जितका राग आला तितकाच स्वतःचाही आला.

महिन्यानंतर रियाजाच्या वेळी प्रफुलच्या घरी सर स्वतःच येऊन उभे राहिले, हातात व्हायोलिन नाही. दवाखान्यात जाऊन आले होते. इतकी वर्षं स्पीकरला खेटून उभं राहिल्यानं कानाची नस गेली, असं डॉक्टर म्हणाले होते. “वरचा मजला गेला. खालचा शाबूत हाय,” सरांनी आम्हाला समजावून सांगितलं. आणि मग म्हणाले, “वाजवा.” पहिल्या व्हायोलिनची जागा रिकामी ठेवून आम्ही वाजवलं. सर सुजाताच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी चेलोच्या लाकडावर तळहात टेकवला. तुकडा संपेपर्यंत हात उचलला नाही.

“हे येते मले. साफ येते,” ते म्हणाले. मग सुजाताकडे वळून, “मले शिकवशीन का?”

सुजाता त्यांची विद्यार्थिनी, वयानं त्यांच्या मुलीएवढी. ती रडायलाच लागली. सर म्हणाले, “रडणं मंग कर. वार कोणता ते सांग.”

बुधवार ठरला. सरांसारखा वाईट विद्यार्थी मी पाहिलेला नाही. अर्धा तास आधी येऊन सुजाताच्या पायरीवर बसायचे आणि आत शिकणाऱ्या मुलाच्या चुका खिडकीतून मोजायचे. आपली पाळी आली की मात्र वाद. गज असा का धरायचा? बोटं इतकी लांब का टाकायची? आणि चुकलं की, “घरी बरोबर आलतं.” पस्तीस वर्षं हे वाक्य म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला ह्या माणसानं दारात उभं केलं होतं! सुजातानं एकदा त्यांना तसंच दारात उभं केलं. सर उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगत होते, “शिक्षा झाली मले.” त्यांच्या चेहऱ्यावर मात्र मोठा समाधानी भाव होता. तिला ते आता बाई म्हणू लागले होते. पहिल्यांदा चिडवायला, मग सवयीनं.

चौकडीत पहिल्या खुर्चीवर प्रफुल बसू लागला आणि दुसरीवर सरांच्याच क्लासातली एक मोठी मुलगी. सर बुधवारी शिकायचे, एरवी आमच्या रियाजाला येऊन बसायचे. वर्ष-दीड वर्ष असं चाललं. गेल्या हिवाळ्यात सर गेले. ताप आला, चार दिवस दवाखान्यात राहिले आणि गेले. लोक मला त्यांच्याबद्दल विचारतात तेव्हा मला त्यांचं पस्तीस वर्षांचं व्हायोलिन आठवायला हवं. मला आठवतो तो सिंदी मेघेच्या विहारातल्या हॉलमधला मुलांचा कार्यक्रम.

सुजाताच्या आणि माझ्या क्लासची मुलं ओळीनं बसली होती, पांढरे शर्ट घालून. त्यांत नऊ वर्षांच्या एका पोराच्या आणि दहा वर्षांच्या एका मुलीच्या मध्ये सर, तेही पांढऱ्या शर्टात, पुढ्यात चेलो. नाव पुकारल्यावर त्यांनी नमस्कार केला आणि नवशिक्यांचा दोन मिनिटांचा एक सोपा तुकडा वाजवला. दोनदा थांबले. मधली ओळ तर स्पष्टच वर गेली. ती कान नसल्यामुळे गेली की नवशिकं बोट म्हणून, ते मला सांगता येणार नाही. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या.

चेलो उचलून सर मागच्या खोलीत आले. दारात मीच होतो. “कसं झालं?” त्यांनी विचारलं.

“मस्त झालं, सर,” मी म्हणालो. इतकं सगळं होऊनही माझ्या तोंडून तेच आलं.

सर माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही, लहान मुलाकडे बघावं तसं. “तू नाई सुधरत,” असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि ते पुढे गेले. कोपऱ्यात सुजाता कोणाचं तरी व्हायोलिन लावून देत होती.

“बाई, वर होतं का?”

सुजातानं मान वर केली. “होतं, सर. मधली ओळ.”

“किती?”

तिनं अंगठा आणि तर्जनीत जरासं अंतर धरून दाखवलं.

सरांचा चेहरा एकदम उजळला. दीड वर्ष आम्ही तिघांनी मिळून त्यांना जे दिलं नव्हतं ते कोणीतरी हातात ठेवावं, तसे ते हसले. तिथेच एका स्टुलावर बसले, चेलो गुडघ्यांत धरला आणि डावा हात तारेवर ठेवून म्हणाले, “दाखवा.”

सुजाता खाली बसली. तिनं त्यांचं बोट धरलं आणि तारेवर केसभर मागे सरकवलं.